आधी गळा, मग खुंटी

शाळेत युकुलेले शिकवायचं ठरलं की पहिलं काम समोर येतं ते तारा सुरात लावण्याचं. बोटं कुठे ठेवायची, उजवा हात कसा फिरवायचा, हे सगळं त्यानंतर. मी सांगलीतल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते. एक पेटी, तबल्याची जोडी, झांजा आणि खंजिऱ्या एवढ्यावर आमचा संगीताचा तास अनेक वर्षं चालला. मग एका माजी विद्यार्थ्याने शाळेला युकुलेलेंचा संच भेट दिला. मुख्याध्यापकांनी खोकी माझ्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता हे तुमच्याकडे." माझं शिक्षण गायनाचं. तंतुवाद्यांपैकी माझा हात लागला होता तो तानपुऱ्याला. वाजवण्याचं तंत्र मी पुस्तकांतून आणि जाणकारांकडून शिकत गेले. जुळवण्याचं काम मात्र तानपुऱ्याच्या शिदोरीवर उभं राहिलं. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, युकुलेले जुळवायला शिकणं हा मुलाच्या कानाचा आणि गळ्याचा फार चांगला अभ्यास आहे आणि तो वाजवण्याच्या आधी व्हायला हवा.

वाद्य अगदी लहान. आमच्याकडची सगळी सोप्रानो आकाराची आहेत. दुकानात ती 'एकवीस इंची' म्हणून मिळतात. तारेचा जो भाग कंप पावतो तो जेमतेम ३५ सेंटिमीटर. याहून मोठे कॉन्सर्ट आणि टेनर हे आकारही सहसा याच सुरांत लागतात. सगळ्यात मोठा बॅरिटोन वेगळा लागतो. वाद्य छातीशी धरलं की हनुवटीकडची तार चौथी आणि जमिनीकडची पहिली. चौथीपासून खाली येत गेलं की पाश्चात्त्य नावांनी जी, सी, ई, ए असे सूर मिळतात. कंपनसंख्येत सांगायचं तर सुमारे ३९२, २६२, ३३० आणि ४४० हर्ट्झ.

मुलांना ही अक्षरं मी नंतर सांगते. पेटीची पांढरी एक सा धरली की याच चार तारा होतात प, सा, ग, ध. फळ्यावर हे चार स्वर लिहिले की भूप शिकलेली मुलं लगेच विचारतात, "बाई, रे कुठे गेला?" मग सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर बोट दाबून त्यांना तो रे काढून दाखवायचा. परक्या देशातून आलेलं वाद्य त्या क्षणी त्यांच्या ओळखीचं होतं. ज्या स्वरांचे अलंकार ती रोज म्हणतात, तेच स्वर तारांवर बसलेले त्यांना दिसतात.

तानपुऱ्यावर हात बसलेल्या माणसाला इथे आणखी एक ओळख पटते. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची आणि तिच्यामागून षड्जाची जोड. युकुलेलेवरही बोट वरून खाली आणलं की आधी प येतो, मग सा. फरक एवढाच, की तानपुऱ्याचा पंचम मंद्रातला आणि युकुलेलेचा मध्य सप्तकातला, सा पेक्षा उंच. गिटारच्या तारा जाडीपासून बारीक होत क्रमाने चढत जातात. इथे वरची तार बारीक आणि उंच, तिच्याखालची सर्वांत खर्जातली. ज्या मुलांच्या घरी दादाची किंवा ताईची गिटार असते ती हमखास चौथी तार एक सप्तक खाली उतरवून ठेवतात आणि मग ती तार लोंबते, आवाज येत नाही. काही वादक चौथी तार मुद्दाम खालच्या सप्तकात लावतात, पण त्यासाठी जाड तार वेगळी घ्यावी लागते.

आता माझ्या मताचा मुख्य आधार सांगते. या चारही तारा एकाच सप्तकात आहेत. सर्वांत खालचा सा आणि सर्वांत वरचा ध, बस्स. हा सगळा पल्ला लहान मुलाच्या गळ्यात आरामात बसतो. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर लागते. दहा वर्षांच्या मुलाला तो सूर ऐकू येतो, गाता येत नाही. युकुलेलेची प्रत्येक तार मुलाला जशीच्या तशी गाता येते. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: जी तार लावायची तिचा सूर आधी गायचा, मग खुंटीला हात लावायचा. गळ्यात सूर पक्का असला की हात योग्य दिशेने फिरतो. गळ्यात नसला की खुंटी इकडून तिकडे नुसती फिरत राहते आणि शेवटी तार तुटते.

सुरुवात सा पासून. मी पेटीवर पांढरी एक दाबून भाता संथ चालवत ठेवते. मुलं डोळे मिटून आधी ऐकतात, मग आकारात तो सा लावतात. सगळ्यांचा आवाज एकजीव झाला की पेटी थांबवायची आणि सूर गळ्यातच धरून ठेवायला सांगायचं. त्यानंतर तिसरी तार छेडायची. ती गळ्याच्या खाली आहे की वर, एवढंच आधी ठरवायचं. हे 'खाली की वर' ठरवणं ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या मुलांना जड जातं ते हेच. तार मोठ्याने वाजली की त्यांना ती उंच वाटते, हळू वाजली की उतरलेली वाटते. आवाजाचा मोठेपणा आणि सुराची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगून कळत नाही. एकच सूर पेटीवर आधी दमदार भात्याने आणि मग अगदी हलक्या भात्याने ऐकवावा लागतो.

काही मुलांचा गळा सुराला लागतच नाही. त्यांना 'बेसूर' म्हणून मागे बसवण्याची पद्धत फार जुनी आहे आणि फार वाईट आहे. अशा मुलाला मी वाद्य हातात देते आणि तार चांगली सैल करायला सांगते. मग मी सा गात राहते आणि त्याने खुंटी सावकाश फिरवत तार वर आणायची. तार जिथे माझ्या सुराला भेटते तिथे त्याने "आली" म्हणायचं. गळ्याला वाट सापडत नसते तेव्हाही कानाला ती सापडलेली असते, हे या खेळातून दिसतं. कान ठाम झाला की पुढच्या काही आठवड्यांत गळा त्याच्या मागून येतो. माझ्या वर्गातली काही चांगली गाणारी मुलं आधी अशी खुंटीवरून सुरात आली आहेत.

तार आणि सूर अगदी जवळ आले की आवाजात लाट उठते. एक सूर ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४३८चा असला तर सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तार आणखी जवळ आली की लाट संथ होते. दोन्ही सूर एक झाले की ती थांबते. तानपुऱ्यावर ही लाट निवांत ऐकता येते, कारण तिथली धातूची तार बराच वेळ बोलत राहते. नायलॉनची आखूड तार लवकर विझते. म्हणून मुलांना शिकवावं लागतं की तार एकदा छेडून विचार करत बसू नका. अंगठ्याच्या मांसल भागाने, एकाच जोराने, सारखी छेडत राहा आणि दुसरा हात खुंटीवर ठेवा.

सा लागला की ग. इथे मी गळ्याचा नियम थोडा बाजूला ठेवते आणि त्याचं कारण मोठ्या मुलांना नीट समजावून सांगते. तानपुऱ्याचा खर्ज उत्तम लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार सा च्या सव्वा पट असतो. पेटीचा आणि पडदे असलेल्या युकुलेलेचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर हा फरक सुमारे चौदा भागांचा आहे. पंचमात तो फक्त दोन भागांचा असल्यामुळे तिथे काम अडत नाही. गंधारात मात्र तो कानाला स्पष्ट कळतो.

सांगलीत हा विषय नवा नाही. इथले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधाराने त्यांनी स्वरांची नेमकी स्थानं मोजण्याचा ध्यास घेतला होता. खाँसाहेब तर मिरजेचेच रहिवासी झाले. पेटीतल्या ठरीव स्वरांनी आपलं गाणं पुरतं की नाही, हा वाद त्या काळापासून चालत आलेला आहे. आमच्या सातवीच्या वर्गाला तो एका लहानशा तारेवर भेटतो.

तानपुऱ्यावर गाणारी मुलगी ग ची तार गळ्याने लावते तेव्हा ती स्वयंभू गंधारावर लावते. सा बरोबर छेडली की फार गोड लागते. पण त्याच तारेवर पहिल्या पडद्याला म मिळतो आणि एफ कॉर्ड धरताना तो म उतरलेला निघतो. म्हणून ग ची तार लावायची ती सा च्या तारेवरच्या चौथ्या पडद्यावरून. चौथा पडदा दाबून सा ची तार छेडायची आणि मोकळी ग ची तार तिच्याशी मिळवायची. त्यानंतर मी मुलांना तानपुऱ्यावरचा गंधार गाऊन दाखवते आणि मग तारेवरचा ऐकवते. दोन्ही गंधार खरे आहेत. कोणाच्या सोबतीला गायचं यावर कोणता घ्यायचा ते ठरतं. हा बारीक भेद बाराव्या-तेराव्या वर्षी कानाला कळणं ही माझ्या लेखी मोठी कमाई आहे.

पुढचं सरळ आहे. ग च्या तारेवर तिसऱ्या पडद्याला प मिळतो; त्यावरून चौथी तार लावायची. त्याच तारेवर पाचव्या पडद्याला ध; त्यावरून पहिली. प च्या तारेवर दुसऱ्या पडद्यालाही ध येतो, तो ताळा. शेवटचा आणि सगळ्यात चांगला ताळा म्हणजे पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबायचा. तिथे तार सा येतो आणि तिसऱ्या तारेच्या मोकळ्या सा शी तो सप्तकात जुळायला हवा. हे बोट तिथेच ठेवून चारही तारा एकत्र छेडल्या की प, सा, ग, सा निघतात. पाश्चात्त्य पद्धतीत हीच सी मेजर कॉर्ड, युकुलेलेवर शिकवली जाणारी पहिली आणि सर्वांत सोपी. एका बोटाची ही कॉर्ड मुलं जुळवता जुळवताच शिकून जातात.

सगळं नीट लावूनही पडद्यांवरचे सूर चढे येत असतील तर दोष वाद्यात शोधावा. स्वस्त वाद्यांत वरच्या पट्टीवरच्या, म्हणजे नटवरच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. तार पडद्यापासून उंच राहते आणि पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर दाबताना ताणली जाते. मोकळी तार सुरात, दाबली की चढी. असं वाद्य मुलाच्या हातात असेल तर मूल स्वतःच्या कानावर शंका घेऊ लागतं. शिक्षकाने प्रत्येक वाद्याचा बारावा पडदा दाबून पाहावा. तिथे मोकळ्या तारेचं बरोबर वरचं सप्तक मिळालं पाहिजे. मिळत नसेल तर ते वाद्य आधी दुरुस्तीला द्यावं.

खुंटीचंही शास्त्र आहे. आमच्या वाद्यांना दात्यांच्या खुंट्या आहेत. खुंटीच्या अनेक फेऱ्यांत तारेचा दांडा एक फेरी घेतो, त्यामुळे सूर बारकाईने लावता येतो. पण दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. तार वरून खाली उतरवत सुरावर आणली तर ती मोकळीक तशीच राहते आणि वाजवायला लागलं की तार सरकते. म्हणून सूर चढा झाला तर तार सुराच्या खाली उतरवायची आणि पुन्हा खालून वर आणून थांबवायची. जुन्या घाटाच्या युकुलेलेंना तानपुऱ्यासारख्या थेट खुंट्या असतात, फक्त तिथे स्क्रू थोडा आवळून खुंटी धरून ठेवावी लागते. तानपुऱ्याला बारीक फरकासाठी मणी असतात. युकुलेलेला तशी सोय नाही. सगळी भिस्त खुंटीवर आणि बोटांच्या संयमावर.

नवी तार चढवल्यावर मुलांचा संयम खरा लागतो. नायलॉन ताणाखाली अनेक दिवस वाढत राहतं. सकाळी लावलेली तार मधल्या सुट्टीपर्यंत उतरते. "बाई, माझी परत उतरली," ही तक्रार त्या आठवड्यात प्रत्येकाकडून येते. पूर्वी या वाद्याला आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. आता फ्लुओरोकार्बनच्याही मिळतात आणि त्या ओल धरत नाहीत. पण नवी तार बसायला वेळ घेणारच.

मिरज आमच्यापासून अगदी जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंतुवाद्यं घडतात आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना घेऊन मी तिथल्या एका सतारमेकरांच्या कामाच्या खोलीत गेले. भोपळे टांगलेले, तूण लाकडाचा वास आणि एका कोपऱ्यात जवारी घासण्याचं काम चाललेलं. चाचांनी मुलांचं युकुलेले हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, तारा छेडल्या. एका मुलीने नव्या तारांची तक्रार सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तार चढवली की लगेच सुराच्या मागं लागू नको. आधी तिला ताण खाऊ दे." मग त्यांनी दोन बोटांत तार धरून मध्यावर हलकेच ओढून दाखवली, पुन्हा सुरात आणली, पुन्हा ओढली. घोडीपाशी गाठ घट्ट बसली आहे की नाही आणि खुंटीवरचे वेढे एकावर एक चढलेत की शेजारी शेजारी बसलेत, हेही पाहायला शिकवलं. कुठल्या देशाचं वाद्य आहे हे त्यांनी विचारलं नाही. तारेचे नियम त्यांना ठाऊक होते.

मुलांनी मात्र विचारलं आणि त्याचं उत्तर आमच्या भागाला जवळचं आहे. १८७९च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून शेकडो माणसांना घेऊन होनोलुलूला पोचलं. ही माणसं हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला आली होती. त्यांच्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मळ्यातलं काम सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत वाद्यं बनवायला घेतली. मदेरातल्या छोट्या गिटारींचा घाट, तिथल्या पाच तारांच्या वाद्याची जुळवणी आणि हवाईतलं कोआ लाकूड यांतून युकुलेले घडलं. राजा कलाकौआ यांनी त्याला दरबारात स्थान दिलं. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पसरलं. ज्या मुलांच्या घरी ऊस आहे, ज्यांनी रस्त्याकडेला तोडणीवाल्यांच्या खोपी पाहिल्या आहेत, ती मुलं ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकतात.

त्या काळातल्या अमेरिकेत हे वाद्य अनेकदा एक स्वर चढं लावत: ए, डी, एफ शार्प, बी. पुढे कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकांनी शाळाशाळांतून युकुलेले शिकवलं तेही याच सुरांत. आपल्या मुलांना हे समजायला क्षणही लागत नाही. पांढरी दोनचा सा धरला की तेच प, सा, ग, ध. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सा हलवायचा ही गोष्ट त्यांना ठाऊक असते. मुलींचा गळा उंच जात असेल त्या गाण्याला आम्हीही चारही तारा एक स्वर चढवतो.

आता मोबाइलवरच्या ट्यूनरबद्दल. पालक मला आवर्जून विचारतात की अॅपने काम होत असताना एवढा वेळ का घालवायचा. मी स्वतः ट्यूनर वापरते. गोंगाटात, कार्यक्रमाच्या आधी, ओळीने बरीच वाद्यं लावायची असताना तो मोठा आधार आहे. वाद्याच्या डोक्याला चिमट्याने लावायचा ट्यूनर लाकडातलं कंपन पकडतो, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या आवाजाने फसत नाही. पण त्याची रीत माहीत हवी. ट्यूनर गिटारच्या जुळवणीवर ठेवलेला असेल तर तो सी ओळखतच नाही. सर्व स्वर दाखवणारा प्रकार निवडला तर उतरलेल्या तारेचा जवळचा कुठलाही स्वर तो दाखवतो, मूल हिरवा दिवा बघून खूश होतं आणि ए ची तार जी शार्पवर राहते. ज्याच्या गळ्यात ध आहे तो मुलगा दिवा हिरवा असूनही हात वर करतो आणि म्हणतो, "बाई, ही अजून खाली आहे." म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी गाणं, मग पडद्यांवरून मिळवणं, शेवटी ट्यूनरवर तपासणी. तपासणीत फारसं काही निघालं नाही की मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते त्यांनी स्वतः कमावलेलं असतं.

हवामानही जुळवणीत हात घालतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नायलॉनही धरतं. मे महिन्यात लाकूड आकसतं. स्नेहसंमेलनाला मंचावर दिव्यांच्या उष्णतेत तारा उतरतात. म्हणून वाद्यं मंचामागे नेऊन तिथल्या हवेत ठेवावी आणि अगदी शेवटी जुळवावी. सोबत पेटी असेल तर पेटीचा सूर प्रमाण मानावा. जुनी पेटी नेमकी ४४०वर असेलच असं नाही आणि तिचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून पेटीच्या सा वर तारा मिळवायच्या, किंवा ट्यूनरमधला ४४०चा आकडा बदलून पेटीशी जुळता करून घ्यायचा. गळ्याने जुळवायला शिकलेल्या मुलांना याचं काही वाटत नाही. नवा सा ऐकला की ती कामाला लागतात.

या सगळ्याचा परिणाम वाजवण्यापेक्षा गाण्यात जास्त दिसला. प्रार्थना म्हणताना मोठा समूह हळूहळू खाली घसरतो, हे प्रत्येक संगीतशिक्षकाला माहीत आहे. पूर्वी ते फक्त मला जाणवायचं. आता प्रार्थनेनंतर मुलं येऊन सांगतात, "बाई, शेवटच्या कडव्यात आपण उतरलो." काही जण गाता गाताच ऐकून सावरतात, शेजारच्यालाही सावरून घेतात. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाची वाद्यं तासाच्या आधी लावून ठेवतात आणि लहानांना खुंटी हातात देऊन समोर उभी राहून सा गातात. मी एकटी ते काम करत असे तेव्हा तासाचा मोठा भाग त्यातच जायचा. आता वर्ग आपणहून सुरात येतो.

संगीत शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि मुलांना वाद्य घेऊन देणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाच्या वतीने तारा लावून देऊ नका. वाद्य घरी आल्यावर सुरुवातीचे काही दिवस फक्त जुळवण्याला द्या. रोज एक स्थिर सा ऐकवा, पेटीचा किंवा तानपुऱ्याचा. तो मुलाला गाऊ द्या, मग खुंटी फिरवू द्या. एखादी तार तुटेल. ती स्वस्त असते, दुसरी आणा. दुकानातून वाद्य घेताना बारावा पडदा दाबून पाहा आणि तारांचा एक जादा संच बरोबर घ्या. शाळांनीही संगीताच्या तासात जुळवण्यासाठी वेगळा वेळ ठेवावा आणि तो अभ्यासाचाच भाग मानावा. युकुलेले पुढे सुटलं, मूल दुसऱ्या वाद्याकडे किंवा नुसतं गाण्याकडे वळलं, तरी सुराची उंची ओळखणारा कान त्याच्याजवळ राहतो आणि तो कुठल्याही संगीताला लागतो.